आमनं काय?

हिवाळ्यात धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला मिरची डोळ्यांच्या आधी घशाला कळते. गावाच्या कडेला आलं की मोकळ्या रानात ओल्या लाल मिरचीचे पट्टेच्या पट्टे उन्हात पसरलेले दिसतात. इथे आणि नंदुरबारकडे त्याला पथारी म्हणतात. पथारीच्या काठाला नाकातोंडावर फडकं बांधलेल्या बाया उकिडव्या बसून देठ खुडत असतात. मिरची डाव्या हातात धरायची, देठ उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात पकडायचा आणि हलकासा पीळ द्यायचा. जोरात ओढलं तर मिरची फाटते, बी सांडतं आणि वजन घटतं. मजुरी किलोवर मिळते, म्हणून हात थांबत नाही. संध्याकाळी बोटांची अशी आग होते की घरी तान्हं लेकरू असलं तर त्याच्या गालाला हात लावायची सोय नसते.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला, काही ठिकाणी गारा पडल्या. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची भिजली. भिजलेली मिरची काळवंडते, बुरशी धरते आणि भावात मातीमोल होते. व्यापाऱ्याचं किती गेलं, हे पेपरात आलं. शेतात उभ्या असलेल्या पिकाचे पंचनामे झाले. पथारी पुन्हा कोरडी होईपर्यंत ज्यांना कामच नव्हतं, त्यांचं किती गेलं हे मात्र कोणी विचारलं नाही. ‘आमनं काय?’ हा त्यांचा अहिराणीतला प्रश्न. आमचं काय, एवढाच त्याचा अर्थ. या लेखात मला हा एकच प्रश्न उलगडत न्यायचा आहे. कारण हवामान न्याय म्हणून ज्याची चर्चा परिषदांमध्ये होते, त्याचं मूळ मला याच प्रश्नात दिसतं: नुकसान कोणाचं मोजलं जातं, आणि ज्याचं मोजलं जात नाही त्याचं पुढे काय होतं?

आधी पंचनामा कसा चालतो ते पाहू. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का, हे ठरवतात. क्षेत्र लिहितात, पीक लिहितात, खातेदाराचं नाव लिहितात. मदत त्या खातेदाराच्या बँक खात्यात जाते. पद्धत साधी आहे आणि अडचणीच्या वेळी ती शेतकऱ्याच्या उपयोगाला येते, हेही खरं. पण या कागदाचा पाया सातबारा आहे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याचं नुकसान हे नुकसान. कापूस वेचणारी, मिरची तोडणारी, निंदणी करणारी बाई या कागदाला दिसतच नाही. पीक गेलं म्हणजे वेचणीही गेली, ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पंचनाम्यात तिला रकाना नाही.

आता सातबाऱ्यावर कोण आहे ते बघू. देशातल्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेतजमिनीची वहिवाट करणाऱ्या खातेदारांमध्ये बायांचं प्रमाण सुमारे १४ टक्के निघालं. खेड्यांत काम करणाऱ्या बायांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीच्या कामात आहेत. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच तो न दिसणारा भाग. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ साली केला, देशाने २००५ साली. कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ हक्कसोडपत्रही आलं. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. भाऊ दिवाळीला साडी घेतो. खानदेशात असं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही. नवरा गेला आणि वारसनोंद वेळेवर झाली नाही, तर त्याच जमिनीत राबणारी बाई पंचनाम्याच्या दिवशी तलाठ्यापुढे मयताच्या नावाचा उतारा घेऊन उभी राहते.

नाव कागदावर यावं यासाठी बायांनी या भागात जे केलं, ते मला हवामानाच्या लढ्याचाच आधीचा भाग वाटतं. त्या काळी त्याला तसं कोणी म्हटलं नाही, एवढंच. १९७२ चा दुष्काळ आठवून बघा. त्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना दुष्काळी कामांतून रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडायला, नालाबांधाला, रस्त्याला बाया हजारोंनी गेल्या. कामावर हजेरीपत्रक असे, ज्याला सगळे मस्टर म्हणत. त्या मस्टरवर बाईचं नाव तिचं म्हणून लिहिलं जाई, तिच्या नावापुढे तिच्या कामाचे दिवस आणि तिचे पैसे. कितीतरी भूमिहीन बायांच्या आयुष्यात सरकारी कागदावर स्वतंत्रपणे नाव येण्याची ती पहिलीच वेळ असणार. म्हणून मस्टरवर नाव चढवून घेण्यासाठी त्या भांडल्या, मोजमाप कमी भरलं तर इंजिनियरशी भांडल्या, मजुरी थकली तर तहसील कचेरीसमोर बसल्या. पाऊस न पडण्याचा फटका कोणाला बसला, याचा राज्याने ठेवलेला तो पहिला मोठा हिशोब होता, आणि त्यात बाई होती.

दुष्काळाच्या त्याच वर्षी, ३० जानेवारी १९७२ रोजी, दोंडाईच्यापासून फार दूर नसलेल्या शहाद्याला भूमुक्ती परिषद झाली. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या त्या चळवळीतून भिल्ल शेतमजूर बाया पुढे आल्या. त्यांनी गावोगाव दारूच्या भट्ट्या आणि मडकी फोडली. चळवळ जमिनीची होती, मजुरीची होती. बायांनी तिच्यात आपल्या घरातला प्रश्न आणून ठेवला आणि तोही संघटनेचा प्रश्न आहे, हे मान्य करून घेतलं. पुढे १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत काही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर केला. विचारांनी या दोन चळवळी एकमेकींपासून लांब होत्या. पण सातबाऱ्याचा कागद दोघींनाही खुपला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यावा, असं सरळ कलम आहे. सातपुड्यात आणि साक्रीच्या डोंगरात दाव्यांसाठी मोर्चे निघाले तेव्हा बाया पायी चालल्या, त्यामागे हे कलमही होतं.

इथवर मी श्रमाबद्दल बोललो. जैवविविधतेचा प्रश्न याच धाग्यात गुंफलेला आहे, आणि तो कुठे गुंफलेला आहे ते पाहायला निंदणीच्या शेतात जावं लागतं.

बाई निंदायला बसते तेव्हा विळ्याखाली येणारं प्रत्येक रोप तिच्या लेखी तण नसतं. घोळ बाजूला पडते, चिवळ बाजूला पडते, तरोट्याची कोवळी पानं, कुरडू, काटेमाठ ओट्यात जातात. पावसाळ्यात, जेव्हा घरात पैसा नसतो आणि बाजारात भाजी महाग असते, तेव्हा मजुराच्या घरची संध्याकाळची भाजी अशी येते. मग शेतात तणनाशक आलं. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. निंदणीला माणूस मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही, हे तो खरंच सांगतो. पण त्या एका फवारणीने बाईचे निंदणीचे दिवस गेले आणि त्याच फवारणीने तिची भाजीही गेली. मजुरी आणि जैवविविधता एकाच पंपाने मारली गेली. यातली कोणतीच गोष्ट कुठल्या कागदावर नव्हती, म्हणून गेल्याचीही नोंद झाली नाही. घोळीचं क्षेत्र किती घटलं, हे सांगणारा उतारा तालुक्यात मिळत नाही. शिंदखेड्याच्या एखाद्या गावात साठीची बाई मात्र बांधावर उभी राहून सांगू शकते की इथे काय काय यायचं.

तिचं हे सांगणं नोंदवून घ्यायची एक सुंदर रीत याच जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पुढे बारीपाडा नावाचा कोकणा आदिवासींचा पाडा आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने १९९० च्या दशकात उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले, पाणी अडवलं, आणि चारशेहून अधिक हेक्टर जंगल पुन्हा उभं राहिलं. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तो मान रास्त आहे. मला मात्र बारीपाड्याची वनभाज्यांची पाककृती स्पर्धा जास्त मोलाची वाटते. जवळपास वीस वर्षं ती पावसाळ्यात भरते. बाया घरून रांधून आणतात. प्रत्येकीपुढे शिजलेली भाजी असते आणि शेजारी त्याच वनस्पतीचा कच्चा पाला, कंद, कोंब किंवा फूल मांडलेलं असतं. परीक्षक चव बघतात आणि विचारतात: ही कुठे उगवते, किती पाण्यात उकळायची, कुठली पहिल्यांदा उकळून पाणी टाकून द्यायची, बाळंतिणीला चालते का? बाई उत्तर देते. तिच्या तोंडून आलेलं हे ज्ञान सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, तिच्या नावावर जमा होतं.

हे काम इतकं महत्त्वाचं का, ते जरा सावकाश पाहू. जंगल राखायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साग, खैर येतो, म्हणजे ज्याला लाकूड म्हणून किंमत आहे तो. कंद आणि वेल वनखात्याच्या हिशोबात फारसे येत नाहीत. पण ज्या बाईला अमक्या ओहळाच्या काठाला अमका कंद येतो हे ठाऊक आहे, तिच्या लेखी तो ओहळ, ती सावली, तो ओलावा हे सगळं राखण्याजोगं होतं. कंद काढताना थोडा मातीत ठेवायचा, कोंब तोडताना बेट उघडं पाडायचं नाही, हे नियम कुठे छापलेले नाहीत, ते तिच्या हातात आहेत. पाऊस लांबला की कोणती भाजी उशिरा आली, कोणती आलीच नाही, हे आधी तिला कळतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं दाखवलं. त्या अभ्यासामागे पर्जन्यमापकांच्या नोंदी होत्या. रानातल्या बदलाची तशी सलग नोंद आपल्याकडे असेल, तर ती या बायांच्या आठवणीत आहे.

कायद्यानेही हे ओळखलं आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांकडून विचारून लोक जैवविविधता नोंदवही करावी, असं सांगितलं. समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात, हेही नियमात आलं. नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचं अनेक वर्षांचं काम होतं. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली, तेव्हा देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत झाडांची यादी येते, त्या झाडाला ओळखणारी बाई येत नाही. बारीपाड्याच्या मैदानावर ती येते, कारण तिथे तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच बियाण्याच्या बाबतीत केलं. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईने वाल, घेवडे, भात, नाचणी, भाजीपाला यांची गावठी वाणं घरात जपली, बायफ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव आलं. राख, कडुनिंबाचा पाला आणि मडकं ही त्यांची सामग्री घराघरात होती. खानदेशातही दादर ज्वारीचं बी कणसं निवडून असंच ठेवलं जायचं. ते निवडणं बाईचं काम होतं आणि म्हणूनच त्याला काम म्हटलं गेलं नाही. २००१ च्या कायद्याने वाण जपणाऱ्या आणि घडवणाऱ्या शेतकऱ्याला हक्क दिले. तो शेतकरी म्हणजे घरातली नेमकी कोण, हे विचारायची सवय अजून व्हायची आहे.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. लिहून ठेवलेलं चोरीला जातं. रानातलं औषध वहीत आलं की उद्या कोणाच्या तरी कारखान्यात जाईल. आणि कंदाची जागा कळली तर व्यापारी पोती घेऊन येईल. कित्येक जाणत्या बाया परक्या माणसाला सगळं सांगत नाहीत, त्यात शहाणपण आहे. म्हणून वही कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न वहीत काय आहे याइतकाच मोठा आहे. कायद्यात समितीशी सल्लामसलतीची आणि लाभातल्या वाट्याची तरतूद आहे. ती तरतूद जागी राहायची असेल, तर ज्यांनी सांगितलं त्यांच्याच हातात किल्ली हवी.

हवामानावरचा उपायदेखील मोजणीत चुकला की अन्यायच होतो, हे दोंडाईच्याला कोणी वेगळं सांगायला नको. जवळच्या विखरण शिवारात विजेच्या प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या. बेत आधी औष्णिक विजेचा होता, पुढे सौर विजेचा झाला. सूर्याची वीज हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण विखरणच्या धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन गेली आणि हातात आले सुमारे चार लाख रुपये. आमची आंब्याची झाडं धरलीच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐंशी ओलांडलेला हा शेतकरी अर्ज घेऊन मंत्रालयापर्यंत गेला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी तिथे विष घेतलं आणि २८ जानेवारीला ते गेले. फेरमूल्यांकन झालं ते त्यानंतर. झाड मोजलं न जाणं ही केवढी गोष्ट असते, ते इथे समजतं. आणि खातेदाराच्या झाडांची ही गत, तर त्याच शिवारात निंदणीला, वेचणीला येणाऱ्या बायांचं काय झालं असेल? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अशा शेतमजुरांनाही बाधित कुटुंब मानलं आहे. तीन वर्षं तिथे काम करत असल्याचं आणि मुख्य रोजीरोटी त्यावरच असल्याचं दिसलं पाहिजे, ही अट. ते दाखवायचं कोणत्या कागदाने? पुन्हा तोच प्रश्न येतो.

जगाच्या पाठीवरही हे भांडण असंच चाललं. समुद्र वाढला तर आमचं काय, हे वानुआतूसारख्या बेटांच्या देशांनी १९९१ सालीच विचारलं आणि नुकसानीसाठी निधी मागितला. शर्म अल-शेखच्या परिषदेत तो निधी मान्य व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. मधली तीस वर्षं बरीचशी नुकसान कसं धरायचं आणि कोणी भरायचं, या वादात गेली. बुडालेल्या मजुरीचा हिशोब करता येतो, हे मात्र आपल्याकडच्या बायांनी करून दाखवलं. इला भट्ट यांनी उभारलेल्या, कष्टकरी बायांच्या ‘सेवा’ संस्थेने २०२३ साली गुजरातेत २१ हजार बायांसाठी उन्हाचा विमा सुरू केला. ठरलेल्या आकड्याच्या वर पारा गेला की पैसे खात्यात येतात, पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही. पुढच्या वर्षी महाराष्ट्र आणि राजस्थान धरून सुमारे ५० हजार बाया त्यात आल्या. रक्कम लहान होती. पण ऊन चढलं म्हणून बाईची मजुरी बुडते, हे तिथे गृहीत धरलेलं होतं. कोणाला ते सिद्ध करत बसावं लागलं नाही.

मग पथारीवर काय करता येईल? मला वाटतं तिथे सुरुवात अगदी सोपी आहे, कारण कागद आधीच तयार आहे. मजुरी किलोवर असल्यामुळे रोज संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं वजन होतं आणि वहीत तिच्या नावापुढे किलो लिहिले जातात. म्हणजे पाऊस पडायच्या आधी तिने रोज किती खुडलं आणि पाऊस पडल्यावर किती दिवस तिच्या नावापुढे काहीच नाही, हे त्या वहीत हंगामभर नोंदलेलं असतं. ती वही व्यापाऱ्याकडे किंवा मुकादमाकडे राहते. व्यापाऱ्याला परवाना बाजार समिती देते. आठवड्याला त्या वहीची एक प्रत बाईच्या हातात पडावी, ही अट परवान्यात घालायला समितीला नवा कायदा लागणार नाही. अवकाळीच्या आठवड्यात या प्रती एकत्र करून तहसीलदारांपुढे ठेवल्या, तर बुडालेल्या मजुरीचा आकडा त्यांना तिथल्या तिथे मांडता येईल.

बाजारातल्या हमालांना नोंदणी मिळाली ती १९६९ च्या माथाडी कायद्याने. त्याआधी तेही कोणाच्या हिशोबात नव्हते. पोतं उचलणाऱ्याचं नाव बोर्डाच्या रजिस्टरवर येऊ शकतं, तर त्या पोत्यातली मिरची खुडणाऱ्या बाईचं का येऊ नये? पथारीवर येणाऱ्या बाया आसपासच्या गावांतल्या, शेजारच्या तालुक्यांतल्याही असतात. त्यांच्या गावांत ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तसा राज्याचा कायदा आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरात सह्या घेऊन उरकली जाते. पावसाळा सरताना, पथाऱ्या पडायच्या आधी, एकेका गावच्या महिला सभेने दोन ठराव करावेत: मजुरीच्या वहीची प्रत मिळावी, आणि बांधावरच्या भाज्यांची नोंद गावातल्या जाणत्या बायांना बसवून करावी. ठरावाच्या खाली त्यांची नावं असावीत, आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.